पाऊण लिटर ऑइल : स्कूटरची घरगुती देखभाल

११० ते १२५ सीसीच्या गिअरलेस स्कूटरच्या इंजिनात एक लिटरसुद्धा ऑइल मावत नाही. जुने काढून नवे भरताना मॉडेलनुसार साधारण ६५० ते ८०० मिलिलिटर पुरते, कारण थोडे ऑइल आतल्या कोपऱ्यांत आणि भागांवर चिकटून राहतेच. छोट्या मोटारीच्या इंजिनात तीन-चार लिटर ऑइल असते आणि ते गाळायला कागदी फिल्टर असतो. बहुतेक स्कूटरना असा फिल्टर नसतो. तळाशी तारेची एक जाळी असते. ती धातूचा चुरा आणि मोठा गाळ अडवते, बारीक काजळी अडवत नाही. ऑइल केव्हा बदलायचे, कोणते भरायचे, किती भरायचे, हे सगळे प्रश्न या दोन गोष्टींतून निघतात. ऑइल थोडे आहे आणि गाळणी जुजबी आहे.

या थोडक्या ऑइलवर कामे मात्र बरीच असतात. पिस्टन आणि सिलिंडर, क्रँकचे बेअरिंग, व्हॉल्व्ह उघडझाप करणारा कॅम यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर राहिला तरच धातूला धातू घासत नाही. रस्त्यावर चाललेल्या स्कूटरचे इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्या सहज घेते. तो थर क्षणभर तुटला तरी ओरखडा उमटतो, आणि उमटलेला ओरखडा जात नाही. स्कूटरचे इंजिन प्लॅस्टिकच्या आवरणात झाकलेले असते. मोटारसायकलीच्या इंजिनाला जसा थेट वारा लागतो तसा त्याला लागत नाही, पंख्याच्या हवेवर भागवावे लागते. त्यामुळे उष्णता वाहून नेण्याचे कामही बऱ्याच अंशी ऑइलकडेच येते. शिवाय जळलेल्या पेट्रोलची काजळी आणि आम्ल पोटात घेऊन ती इंजिनाच्या भिंतींवर बसू न देणे हे त्याचे तिसरे काम. ऑइल काळे पडते ते या तिसऱ्या कामामुळे. बदलल्यावर पाच-सातशे किलोमीटरमध्ये ऑइल काळे दिसले की ते भेसळीचे होते असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. उलट, हजारो किलोमीटर चालूनही मधासारखे स्वच्छ दिसणारे ऑइल काजळी धरून ठेवत नसल्याची शंका घ्यायला जागा आहे.

मुरगूडसारख्या गावात स्कूटर कशी वापरली जाते हे पाहिले की पुस्तिकेतला किलोमीटरचा आकडा तसाच्या तसा का लागू पडत नाही ते कळते. वेदगंगेच्या काठचे हे कागल तालुक्यातले नगरपरिषदेचे गाव निपाणीहून राधानगरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सकाळी डेअरीला दूध घालून येणे, मुलांना शाळेत सोडणे, मळ्यात वैरणीसाठी जाणे, बाजारपेठेत दोन-तीनदा फेरी, अशा दीड-दोन किलोमीटरच्या खेपांतच बहुतेक घरच्या स्कूटरचा दिवस जातो. अमावास्येला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला किंवा कामासाठी निपाणीला जाणे झाले तर तेवढाच लांबचा पल्ला. हंगाम सुरू झाला की बिद्री आणि हमिदवाड्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून धूळ खात, रेंगाळत जावे लागते. पावसाळ्यात ओली हवा महिनोन्‌महिने हटत नाही.

आखूड खेपा हा इंजिनाला सर्वांत वाईट वापर. एक लिटर पेट्रोल जळले की वाफेच्या रूपात जवळपास तेवढेच पाणी तयार होते. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली उतरते आणि थंड इंजिनात तिचे पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते. चोक लागलेल्या थंड इंजिनातून न जळलेले पेट्रोलही याच वाटेने खाली येते. इंजिन वीस-पंचवीस मिनिटे सलग चालले, चांगले तापले, तर पाणी आणि पेट्रोल दोन्ही उडून जातात. दीड किलोमीटरवर बंद केले तर तिथेच साठतात. श्रावणात डिपस्टिक ओढून पाहिली आणि तिच्या टोकाला किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ फेस दिसला, तर तो याच साठलेल्या पाण्याचा. एकदा निपाणीपर्यंत जाऊन आल्यावर तो नाहीसा झाला तर चिंतेचे कारण नाही. पुन्हा पुन्हा येत राहिला तर मीटर काहीही दाखवत असो, ऑइल बदलायला झाले.

पुस्तिकांमध्ये पहिला बदल सहसा ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान सांगितलेला असतो, कारण नव्या इंजिनाचे भाग एकमेकांना बसताना धातूचा चुरा पडतो. पुढचे अंतर कंपनी आणि मॉडेलप्रमाणे तीन ते सहा हजार किलोमीटर असते. आपल्या गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी. पण तिच्यात खडतर वापरासाठी अंतर कमी करा असे वाक्य असेल, तर वर वर्णन केलेला वापर खडतरच आहे. गाडी वर्षभरात दोन हजारही फिरली नाही तरी वर्षातून एकदा ऑइल बदलणे योग्य. पावसाळा संपल्यावर, दसऱ्याला वाहने धुण्यापूजण्याच्या आसपास हे काम ठेवले तर ते लक्षात राहते आणि पावसाळ्यात साठलेले पाणीही निघून जाते.

तरीही बदलण्यापेक्षा मोलाचे काम म्हणजे पातळी पाहणे, आणि तेच सर्वांत कमी होते. सात-आठ वर्षे चाललेले इंजिन थोडे थोडे ऑइल जाळतेच. धूर दिसेलच असे नाही. सातशे मिलिलिटरपैकी दोनशे गेले म्हणजे चौथाईपेक्षा जास्त गेले, आणि राहिलेल्याला तेवढीच उष्णता आणि तेवढीच काजळी झेलावी लागते. ब्लॉक-पिस्टन गेलेल्या स्कूटरचे इंजिन गॅरेजमध्ये उघडले की पुष्कळदा आत ऑइल जुने नव्हे, तर नसल्यासारखेच असते. पंधरा दिवसांतून एकदा डिपस्टिक पाहायला दोन मिनिटे लागतात.

हा विषय घराघरांत काहीसा गोंधळाचा राहिला याला स्कूटरचा इतिहास कारण आहे. पश्चिम महाराष्ट्र हे स्कूटरचेच माहेर. आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९६०च्या दशकात इटलीच्या पियाजिओच्या परवान्याखाली व्हेस्पा बनवली आणि तो करार संपल्यावर १९७२ पासून चेतक. १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून प्रिया निघाली. या सगळ्या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांच्या इंजिनात ऑइलचा साठा नसे. टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे, ते पिस्टनला वंगण देत देत जळून जायचे आणि मागून निळसर धूर निघायचा. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल घेणे ही त्या काळाची सवय. गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असे, पण ते बदलायचे असते हे फक्त मिस्त्रीला ठाऊक. ऑइल जळून संपते, म्हणून वरून टाकत राहायचे. काढून टाकायचे काही नसते, ही समजूत त्या पिढीत पक्की बसली.

२०००च्या सुमारास दुचाकींच्या धुराचे नियम कडक झाले आणि फोर-स्ट्रोक स्कूटर आल्या. होंडाची अॅक्टिव्हा याच सुमारास बाजारात उतरली. बजाजने पेट्रोल स्कूटर बंद करण्याचे २००९च्या अखेरीस जाहीर केले, तोवर रस्त्यावरचे चित्र पुरते पालटले होते. नव्या इंजिनात ऑइल जळायचे नसते, फिरत राहायचे असते आणि म्हणून ते बदलावे लागते.

गंमत अशी की शेतकरी घरांना हे मुळीच नवे नव्हते. विहिरीवर किंवा नदीच्या काठावर डिझेलचे इंजिन बसवून उसाला पाणी पाजणाऱ्या पिढीला ठरावीक तासांनी इंजिनाचे ऑइल काढून नवे घालायची सवय होती. ज्या तालुक्यात मुरगूड आहे त्याच कागलच्या औद्योगिक वसाहतीत आज किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा मोठा कारखाना आहे. ज्या हाताने पंपाच्या इंजिनाचे ऑइल बदलले त्याने स्कूटरचेही बदलावे यात अवघड काही नाही. फरक एवढाच की स्कूटरचा बोल्ट लहान आहे आणि तो अॅल्युमिनियमच्या अंगात बसलेला आहे.

ऑइलच्या डब्यावरच्या मजकुरात दोन गोष्टी पाहायच्या. पहिली जाडी. आजच्या बहुतेक ११० सीसी स्कूटरना १०डब्ल्यू-३० लागते, काहींना १०डब्ल्यू-४०. शेवटचा आकडा शंभर अंश सेल्सिअसला, म्हणजे तापलेल्या इंजिनात, ऑइल किती जाड राहते ते सांगतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा आहे. १०डब्ल्यूची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २५ अंशांना होते. मुरगूडला पौषातल्या पहाटेही तसली थंडी पडत नाही हे खरे, पण १०डब्ल्यू ऑइल आपल्याकडच्या साध्या सकाळीसुद्धा २०डब्ल्यूपेक्षा पातळ असते, म्हणून स्टार्ट केल्यावर कॅमपर्यंत लवकर पोचते. झीज सर्वांत जास्त होते ती याच पहिल्या काही क्षणांत. जाड ऑइल म्हणजे चांगले ऑइल, हा जुन्या ट्रॅक्टर-ट्रकवरून आलेला समज स्कूटरला लावू नये. जाड ऑइल भरलेल्या स्कूटरचा पिकअप मंदावतो आणि अॅव्हरेज घसरते.

दुसरी गोष्ट जासोचे अक्षर. मोटारींसाठीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये वाढू लागली तेव्हा दुचाकींसाठी जपानमध्ये १९९८ साली हे स्वतंत्र मानक आले. मोटारसायकलीचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. तो घसरू नये म्हणून तिला एमए प्रतीचे, जास्त घर्षणाचे ऑइल लागते. गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा, पट्ट्याच्या बाजूला वेगळा असतो. त्यामुळे तिला एमबी प्रतीचे निसरडे ऑइल चालते, किंबहुना मायलेजला ते बरे. अनेक घरांत एक मोटारसायकल आणि एक स्कूटर असते आणि डबा एकच आणला जातो. एमए ऑइल स्कूटरमध्ये गेले तर फारसे बिघडत नाही. एमबी ऑइल मोटारसायकलीत गेले तर चढाला इंजिन ओरडते आणि गाडी पुढे सरकत नाही.

डबा ओळखीच्या दुकानातून, सील पाहून आणि बिल घेऊन घ्यावा. नामांकित कंपन्यांचे रिकामे डबे पुन्हा भरून विकण्याचा धंदा नवा नाही. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर बिल आणि तारीख जपणे आणखी गरजेचे. मोफत सर्व्हिसिंग शिल्लक असताना घरी ऑइल बदलण्यात तसा अर्थही नाही.

प्रत्यक्ष कामाला साहित्य थोडे लागते: बोल्टच्या मापाचा रिंग पाना किंवा गोटी पाना, पसरट परात किंवा कापलेला कॅन, नरसाळे, मापाचा डबा, फडकी आणि ड्रेन बोल्टचा नवा वायसर. उघड्या तोंडाचा पाना वापरू नये. तो घसरून बोल्टचे कोपरे गोल करतो. जागा सपाट हवी. अंगणातला कोबा उत्तम, उतार असेल तर ऑइल पुरते निथळत नाही आणि मापही चुकते. गाडी डबल स्टँडवर घेऊन इंजिन तीन-चार मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे ऑइल पातळ होते आणि तळाचा गाळ त्यात मिसळतो. हे उघड्यावरच करावे, बंद सोप्यात किंवा गोठ्यात नव्हे. एक्झॉस्टच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मग इंजिन बंद करून थोडा वेळ थांबावे. गाडी बराच वेळ चालवून आणलेली असेल तर जास्तच, कारण उकळते ऑइल हातावर आले तर कातडी सोलून निघते, आणि सायलेन्सरही तिथेच असतो.

आता नेमका बोल्ट ओळखायचा, आणि इथेच घरगुती कामातली सर्वांत महाग चूक होते. स्कूटरच्या खालच्या अंगाला ऑइलचे दोन वेगळे साठे असतात. एक इंजिनाचा, पुढच्या बाजूला. दुसरा मागच्या चाकालगतच्या गिअरपेटीचा. चुकून मागचा बोल्ट उघडला की शे-सव्वाशे मिलिलिटर ऑइल येते आणि थांबते. एवढेच होते असे समजून वरून सातशे मिलिलिटर ओतले जाते. आता इंजिनात दुप्पट ऑइल आणि गिअरपेटी कोरडी. पहिल्याचे जादा ऑइल श्वासनळीतून एअर फिल्टरमध्ये चढते आणि गाडी पांढरा धूर ओकते. दुसरी गपगुमान झिजत राहते आणि काही दिवसांनी मागच्या चाकातून करकर ऐकू येते. म्हणून पुस्तिकेतले चित्र पाहून बोल्ट निश्चित करावा, आणि निघालेले ऑइल मोजावे. सहाशेच्या आसपास निघाले तर बोल्ट बरोबर. फार कमी निघाले तर नवे ओतण्याआधी थांबावे. एक तर बोल्ट चुकला आहे, नाहीतर इंजिन बरेच दिवस अर्धपोटी चालत होते.

डिपस्टिक सैल करून ठेवली की हवा आत जाते आणि ऑइल सरळ धारेने येते. बोल्ट पान्याने अर्धा फेरा ढिला करावा आणि पुढे बोटांनी, वरच्या दिशेला दाबून धरत फिरवावा. शेवटचा आटा सुटला की झटक्यात बाजूला घ्यावा, म्हणजे बोल्ट परातीत पडत नाही आणि कोपरापर्यंत ऑइल ओघळत नाही. काही मॉडेलना ड्रेन बोल्टऐवजी मोठे झाकण असते आणि त्याच्या आत स्प्रिंग आणि जाळी. ते सुटताच स्प्रिंग आणि जाळी ऑइलबरोबर खाली येतात. कोणती बाजू वर होती हे ध्यानात ठेवावे, जाळी पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊन वाळवावी. तिच्यावर चांदीसारखी बारीक भुकटी दिसणे नव्या गाडीला साहजिक आहे. बोटाला टोचणारे कण मिळाले तर ती गाडी मिस्त्रीकडे न्यावी. धार तुटून थेंब पडू लागले की दहा मिनिटे तशीच सोडावी. इग्निशन बंद ठेवून चार-पाच किका मारल्या तर आणखी थोडे ऑइल निघते.

बोल्ट परत लावताना हाताला संयम हवा. इंजिनाचा खोका अॅल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादाचा, त्यामुळे जोर लागला की आटे जातात ते खोक्याचे. बोल्ट पुसून, नवा वायसर घालून, आधी बोटांनी पूर्ण बसवावा. दोन-तीन फेऱ्यांतच अडला तर तो तिरका धरला आहे. काढून पुन्हा लावावा. वायसर दबल्याचे जाणवले की पान्याने आखूड हिसका पुरे. लांब पाइप अडकवून पिळणाऱ्याला थेंब गळण्याची भीती असते, पण गळती थांबवण्याचे काम वायसर करतो, ताकद नव्हे. आटे गेले तर लेथवर नेऊन मोठे आटे मारून घेणे किंवा आतून आट्यांची कडी बसवणे एवढाच इलाज उरतो, आणि त्याला घरी काम करून वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च येतो.

नवे ऑइल एकदम सगळे ओतू नये. पुस्तिकेतल्या आकड्याहून पन्नास-साठ मिलिलिटर कमी भरून पातळी पाहावी. होंडाच्या स्कूटरमध्ये डिपस्टिक पुसून आत नुसती टेकवायची असते, आटे फिरवून बसवायची नसते; फिरवली तर ती जास्त खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. इतर कंपन्यांत रीत वेगळी असू शकते, म्हणून ते एकदा पुस्तिकेत पाहून ठेवावे. मग इंजिन तीन-चार मिनिटे चालवायचे, बंद करून दोन-तीन मिनिटे थांबायचे आणि पुन्हा पाहायचे. पातळी वरच्या खुणेजवळ, पण तिच्या खाली हवी. बोल्टभोवती कोरडे फडके फिरवून डाग येतो का ते पाहावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखालची फरशी. मीटरचा आकडा आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून डिकीच्या झाकणाच्या आत लावली की पुढच्या वेळी आठवणीवर विसंबावे लागत नाही.

गिअरपेटीचे ऑइल साधारण १०० ते १५० मिलिलिटर असते आणि इंजिन ऑइलच्या दोन-तीन बदलांमागे एकदा बदलले तरी चालते. त्यात काजळी येत नाही, म्हणून ते काळे पडत नाही. मात्र पाणी भरलेल्या रस्त्यातून गाडी गेली असेल तर पांढरट झालेले सापडते. पुरात वेदगंगेचे पाणी रस्त्यावर आल्यावर त्यातून काढलेल्या स्कूटरची गिअरपेटी आणि इंजिन दोन्ही तपासल्याशिवाय गाडी पुढे चालवू नये. विजेच्या स्कूटरला, २०२० साली आलेल्या नव्या चेतकसह, इंजिन ऑइल नसते.

राहते ते परातीतले काळे ऑइल. गॅरेजमध्ये त्यासाठी बॅरल असते, घरी नसते, आणि घरगुती कामाची खरी उणी बाजू हीच. खेड्यात जळक्या ऑइलला गिऱ्हाईक पुष्कळ: बैलगाडीच्या कण्याला, गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून, स्लॅबच्या सेंटरिंगच्या प्लेटांना. कण्याला लावलेले थोडे तिथेच राहते. खांबाला चोपडलेले पावसाबरोबर मातीत उतरते, आणि जनावरे तोच खांब चाटतात. गुऱ्हाळाच्या चुलवाणात ते टाकणे तर सर्वांत वाईट, कारण इंजिनाची झीज आणि ऑइलमधली रसायने धुरातून बाहेर येतात. गटारात ओतलेले ऑइल वेदगंगेत, तिथून दूधगंगेत आणि पुढे कृष्णेत जाते; पाण्यावर त्याचा तवंग पसरतो. हातालाही ते वारंवार लागू देऊ नये, वापरलेल्या ऑइलमध्ये कर्करोगाला कारण ठरू शकणारी द्रव्ये असतात. रबरी हातमोजे घालावेत किंवा लगेच साबणाने धुवावे.

२०१६ च्या घातक कचऱ्याच्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे आणि त्यावर प्रक्रिया करण्याचा अधिकार परवानाधारक कारखान्यांनाच आहे. तिथे ते शुद्ध करून त्यापासून पुन्हा वंगण बनवता येते. सप्टेंबर २०२३ मधल्या दुरुस्तीने वंगण बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली. ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. घरच्या पाऊण लिटरला या साखळीत शिरायची सोपी वाट म्हणजे गावातल्या गॅरेजचे बॅरल. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यातच जुने भरावे, त्यात पाणी, रॉकेल किंवा ब्रेक ऑइल मिसळू देऊ नये, आणि ज्या गॅरेजचे बॅरल अधिकृत गोळा करणारा नेतो तिथे ते पोचवावे. रिता झालेला डबा तिथेच कापून टाकला की तो नकली ऑइलवाल्याच्याही उपयोगाचा राहत नाही.